सुटला म्हणजे कुठे गेला

देशभरातल्या माणसांची मूत्रपिंडे, यकृते आणि हृदये कोणाकडून निघून कोणाकडे गेली याची नोंद ज्या कार्यालयात होते, तिथे रक्त दिसले तर ते फक्त स्टेपलरची पिन बोटात घुसल्यावर. चौथ्या मजल्यावरची लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटे, मधे सहा टेबले, आणि उजेड डावीकडून यावा अशा बेताने खिडकीपाशी मांडलेले सातवे. त्या सातव्या टेबलावर एक बाई गेली सव्वीस वर्षे बसत होत्या. कागदोपत्री त्या ‘नोंद पडताळणी साहाय्यक’ होत्या. ऑफिसात मात्र सगळे त्यांना शंकाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून.

नाव उगीच पडले नव्हते. रुग्णालयांकडून आलेल्या फॉर्मात काही खटकले की त्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘शंका’ असे लिहीत आणि फोन उचलत. एका चोपन्न वर्षांच्या माणसाचे वजन सात किलो आले होते, शंका. एका गृहस्थांचे प्रत्यारोपण एकतीस जूनला यशस्वी झाले होते, शंका. एका बाईंनी आपले मूत्रपिंड स्वतःलाच दान केले होते आणि ते रक्तगट जुळत नाही म्हणून नाकारलेही गेले होते. त्या फॉर्मावर त्यांनी काही लिहिले नाही. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या, चहा पिऊन आल्या आणि मग फोन केला.

फोनवर त्या कोणावर डाफरत नसत. “तुमची चूक नाही हो, रकानाच अरुंद आहे,” असे म्हणून सुरुवात करत. पलीकडचा माणूस खूश होऊन आपली चूक आपणहून सांगून टाकी. या युक्तीला ऑफिसात कोणी युक्ती म्हणत नसे, कारण शंकाबाईंना खरोखरच तसे वाटत असे. माणूस वाईट नसतो, रकाना अरुंद असतो, हे त्यांचे सव्वीस वर्षांतले एकमेव संशोधन होते आणि ते त्यांनी कुठे छापले नव्हते.

घरी मात्र त्यांना शंकाबाई म्हणणारे कोणी नव्हते. लग्न केले नव्हते. राहत्या मजल्यावर समोरच्या दाराआड धाकटा भाऊ राहायचा. त्याच्या लेखी त्या ताई, त्याच्या बायकोच्या लेखी वन्सं. भावाला सगळी गल्ली पेंटर म्हणे. एके काळी बाजारातल्या दहापैकी सात दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पुढे छापील फलक आले आणि पेंटरकडे फक्त दारांवरचे घर क्रमांक आणि ‘येथे गाडी लावू नये’ एवढेच साहित्य उरले. त्याची त्याला फारशी खंत नव्हती. “या गल्लीत माझ्याइतका खपलेला लेखक नाही,” असे तो सांगे.

या पेंटरचे यकृत गेली आठ वर्षे बिघडत चालले होते. आयुष्यात त्याने दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी आजाराचे नाव ऐकले की माणसे ‘असं होय’ म्हणून मान हलवत. डॉक्टरांनी सांगितले होते की त्याचे शरीर आपल्याच यकृताला परके समजून त्याच्यावर उठले आहे. पेंटरला ते लगेच समजले. “म्हणजे भाऊबंदकी. बाहेर वाट्याला काही आलं नाही, म्हणून आत सुरू झाली.”

शहरातल्या महारुग्णालयाच्या प्रतीक्षा यादीवर त्याचा नंबर बारावा होता. आताच्या वेगाने बारावा नंबर यायला दीड वर्ष लागेल आणि आताच्या यकृताने वर्ष निघणे कठीण, असे डॉक्टरांनी पेंटरच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितले होते. तिने ते त्याच दिवशी नणंदेला सांगितले. त्या दोघी ही गोष्ट पेंटरपासून लपवत होत्या आणि पेंटर आपल्याला ती कळली आहे हे त्यांच्यापासून लपवत होता.

यादी शंकाबाईंच्या टेबलावरच्या संगणकात होती. बोट हलवले असते तर भावाचे पान समोर आले असते. पण नोकरीला लागताना त्यांनी सही केली होती की नातेवाइकाचे पान उघडणार नाही, आणि सही केली की ती पाळायची असते अशी त्यांची जुनी समजूत होती.

“काखेत कळसा,” पेंटर म्हणे, “आणि आमचा गावाला वळसा. लोकांच्या बहिणी राख्यांपुरत्या नाहीतर भांडणापुरत्या असतात. माझी बहीण अख्ख्या यादीची मालकीण, आणि मी बारावा.”

“मालकीण नाही. झाडूवाली आहे. यादीवरचा कचरा काढते.”

“मग माझ्या पुढचे अकरा जण जरा झाड की.”

“गप्प बस.”

त्या वर्षी वरच्या खात्यातून एक प्रश्न आला. लहान गावांतल्या सात रुग्णालयांच्या परिसरात मिळणारी यकृते तिथल्याच रुग्णांना आधी द्यावीत, की मोठ्या शहरातल्या महारुग्णालयाकडे पाठवावीत? देशभरासाठी एकच नियम करायचा होता, आणि नियम भावनेवर नव्हे तर आकडेवारीवर आधारलेला असावा अशी मंत्र्यांची भावना होती.

आकडेवारीचे काम संशोधन विभागाच्या तरुण डॉक्टरकडे आले. ही मुलगी डॉक्टर झाल्यावर रुग्णांकडे गेलीच नाही, आकड्यांकडे गेली. बोलताना ती दर वाक्यात टक्का आणत असल्याने तिला टक्का मॅडम म्हणत. दुसऱ्या एखाद्या खात्यात या नावाचा अर्थ फार वेगळा झाला असता. इथे तो शब्दशः होता.

टक्का मॅडमने मागच्या सात वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि तिला एक नवल सापडले. महारुग्णालयात यादीवरच्या शंभरापैकी चार जण प्रकृती सुधारली म्हणून यादीतून कमी होत होते. लहान गावांत शंभरापैकी एकतीस. महारुग्णालयात माणसे वाट पाहता पाहता मरत होती. लहान गावांत ती वाट पाहता पाहता बरी होत होती.

संचालकांनी हे वाचले आणि ते खुर्चीत मागे टेकले. ते स्वतः एका लहान गावातून आलेले होते आणि तिथे परत जायचे सोडून तिथल्या सर्व गोष्टींचे त्यांना कौतुक होते.

“हवा,” ते म्हणाले. “मी सांगतो, हवा. आणि घरची माणसं. एक परिच्छेद टाका त्यावर.”

परिच्छेद पडला. स्वच्छ हवामान, कमी ताण आणि कौटुंबिक आधार यांचा यकृतावर होणारा अनुकूल परिणाम त्यात नोंदवला होता आणि पुढील अभ्यासाची शिफारस केली होती. निष्कर्ष सरळ होता. जिथे माणसे आपोआप बरी होतात तिथली यकृते जिथे माणसे मरतात तिथे पाठवावीत.

बातमी महारुग्णालयापर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पेंटरची बायको शंकाबाईंच्या दारात उभी होती. तिच्या हातात पिशवी होती आणि ती खाली ठेवायचे भान तिला नव्हते.

“वन्सं, डॉक्टर म्हणाले नवीन नियम आला तर तीन महिन्यांत नंबर लागेल. तुमच्याच ऑफिसातून निघतोय म्हणे.”

“निघायचाय अजून.”

“निघेल ना?”

“गुरुवारी बैठक आहे पुढच्या महिन्यात.”

“ते आज दोन घास जास्त जेवले,” भावजय म्हणाली, आणि पिशवी घेऊन तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी तो तक्ता शंकाबाईंच्या टेबलावर पेन्सिलीसाठी आला. बेरजा बरोबर होत्या. टक्के बरोबर होते. एकतीस या आकड्यापाशी त्यांची पेन्सिल आपणहून थांबली. आठ वर्षे त्या एक यकृत जवळून बघत होत्या. त्याला हवा दाखवली होती, घरची माणसे दाखवली होती, आणि पेंटरचा ताण म्हणाल तर तो आयुष्यात कोणी पाहिला नव्हता. ते यकृत सुधारले नव्हते.

त्यांनी समासात काही लिहिले नाही. ‘सुधारले’ म्हणून मोजलेल्यांचे मूळ फॉर्म काढले आणि फोन उचलला. सातांपैकी सगळ्यांत दूरच्या रुग्णालयात नोंदी ठेवणारे एक म्हातारे गृहस्थ होते. गेली अठरा वर्षे दोघे फोनवर बोलत आले होते, एकमेकांना पाहिले नव्हते. शंकाबाई त्यांना नोंदकाका म्हणत.

“काका, पडताळणीतून बोलतेय.”

“बोला बाई. आता काय सांडलं आमचं?”

“सांडलं नाही काही. मागच्या वर्षाचे नऊ फॉर्म आहेत. ‘यादीतून कमी होण्याचे कारण’, तिथे ‘सुटला’ लिहिलंय तुम्ही. त्यांची तब्येत आता कशी आहे, तेवढं हवं होतं.”



“कोणाची?”

“त्या नऊ जणांची. सुटले ना ते?”

“सुटले.”

“मग आता कसे आहेत?”

“बाई,” नोंदकाका हळूच म्हणाले, “तुम्ही जरा पाणी पिऊन या. मी थांबतो.”

“काका, सुटला म्हणजे कुठे गेला?”

“सुटला म्हणजे सुटला. वर्ष वर्ष पोटात पाणी घेऊन झिजलेला माणूस. त्याला आणखी काय म्हणतात? गेला बिचारा.”

“मग ‘मृत्यू’ का नाही लिहिलंत?”

“फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते की नाही? तुमचाच नियम. समोर त्याची बायको बसलेली असते, नाहीतर आई. कालपर्यंत मलाच विचारत असते, काका, नंबर कितवा आला. तिच्या देखत मी लिहू, मेला म्हणून? ती वाचते ना. ‘सुटला’ लिहिलं की तीही मान हलवते. म्हणते, हो, सुटले. आणि सही करते.”

“सगळीकडे असंच लिहितात?”

“मला काय ठाऊक. पण माणसं सगळीकडे असतीलच की.”

शंकाबाईंनी फोन ठेवला. मग उठून त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेल्या आणि सर्वांत खालच्या कप्प्यातून एक वही काढली. सात वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा लहान रुग्णालयांच्या हाताने भरलेल्या फॉर्मांतले शब्द चार क्रमांकांत बसवायचे होते. एक, प्रत्यारोपण झाले. दोन, मृत्यू. तीन, प्रकृती सुधारली. चार, दुसरीकडे गेला. महारुग्णालयात छापील चौकटी होत्या, तिथे प्रश्न नव्हता. लहान गावांत मात्र बोटभर मोकळी जागा होती आणि त्या जागेत माणसांनी मनाला येईल ते लिहिले होते. कोणत्या शब्दाला कोणता क्रमांक, हे त्या वहीत ठरले होते, आणि वहीतले अक्षर त्यांचे स्वतःचे होते.

किती काळजीने केले होते ते काम. ‘गेला’ या शब्दापाशी त्या दोन दिवस अडल्या होत्या. दुसऱ्या दवाखान्यात गेला की जगातून गेला? एकेकाला फोन करून विचारले होते. ‘आटोपले’ म्हणजे शस्त्रक्रिया आटोपली की माणूस, तेही विचारले होते. आणि ‘सुटला’ या शब्दासमोर एका फटक्यात तीन लिहून टाकले होते. कारण त्याच आठवड्यात पेंटर पहिल्यांदा रुग्णालयात राहून घरी आला होता आणि त्याने ऑफिसात फोन करून सांगितले होते, “सुटलो गं ताई एकदाचा.” इतक्या ताज्या शब्दाची शंका कोणाला येणार?

पुढचे अकरा दिवस त्या फोनच करत होत्या. सात रुग्णालये, सात वर्षे, दोनशे बारा ‘सुटले’. कुठे नोंदी ठेवणारा बदलला होता, कुठे जुने रजिस्टर सापडेना, एका ठिकाणी थेट मृताच्या मुलाशीच बोलावे लागले आणि तो म्हणाला, “बरं झालं फोन केलात, सरकारातून कोणी चौकशी केली नव्हती.” शेवटी आकडा जमला. दोनशे बारांपैकी नऊ जण खरेच सुधारून घरी गेले होते. चौदा दुसऱ्या रुग्णालयात गेले होते. उरलेले एकशे एकोणनव्वद वारले होते, आणि देशाच्या कागदावर त्यांची प्रकृती उत्तम होती.

कागद दुरुस्त केला तर काय होणार हे कळायला टक्का मॅडमची गरज नव्हती. लहान गावांतली यकृते लहान गावांतच राहणार. महारुग्णालयाकडे काही येणार नाही. बाराव्या नंबराला दीड वर्षच लागणार.

नव्या आकड्यांचा कागद टेबलाच्या खणात दोन दिवस राहिला. त्या दोन दिवसांत शंकाबाईंनी स्वतःशी बरेच बोलून पाहिले. कोणी विचारले नव्हते. सात वर्षे ही चूक कोणाला खुपली नव्हती. वरच्या तिघांच्या सह्या झाल्या होत्या. शिवाय आपण फक्त शंका काढायच्या, धोरण ठरवायचे नाही, असे पदाच्या वर्णनातच होते. ही सगळी कारणे खरी होती. इतरांकडून आलेल्या फॉर्मावर इतकी खरी कारणे एका जागी दिसली असती, तर त्यांनी ताबडतोब फोन उचलला असता.

रविवारी सकाळी पेंटर जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून कोणाच्या तरी दाराची पाटी रंगवत होता. पोट फुगलेले, हात काटक्यांसारखे, पण ब्रश अजून रेघेवरून हलत नव्हता.

“ये,” तो वर न बघता म्हणाला. “दोन दिवस चोरासारखी माझ्या दारावरून जातेस. काय ते ओक.”

त्यांनी सांगितले. वहीसकट सांगितले. पेंटर सातचा आकडा रंगवत राहिला.

“किती म्हणालीस?”

“एकशे एकोणनव्वद.”

“सगळे माझ्यासारखे?”

“काही तुझ्याहून बरे होते.”

“आणि कागदावर ठणठणीत.”

“हो.”

“चूक कोणाची?”

“माझी.”

“मग मला काय विचारतेस?”

“विचारत नाहीये. सांगतेय.”

“हे बरंय. लहानपणीही माझा खाऊ वाटून झाला की मग मला सांगायचीस, तुझी परवानगी आहे ना म्हणून.” त्याने ब्रश डब्यात बुडवला, कडेला पुसला. मग म्हणाला, आणि या वेळी आवाजात थट्टा नव्हती, “सात वर्षं कोणाला कळलं नाही. आणखी तीन महिने कळलं नसतं, ताई.”

“तिकडेही कोणीतरी बारावा असेल,” असे काहीतरी शंकाबाईंच्या मनात आले. पण भावाचे पोट समोर असताना ते तोंडातून निघाले नाही.

पेंटरची बायको दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्हाला शंका यायची ती आत्ताच?”

तिने दार आपटले नाही. नुसते लावले. आपटले असते तर बरे झाले असते.

सोमवारी शंकाबाईंनी कागद टक्का मॅडमच्या हातात दिला. मुलीने तो तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिच्या तोंडून पहिल्यांदाच टक्क्याशिवाय वाक्य निघाले. “मी हे बघायला हवं होतं.”

“तुम्ही आकडा बघितलात. शब्द मी बघायचा होता.”

दोघी संचालकांकडे गेल्या. संचालकांनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अहो, पण हवामानाचा परिच्छेद मंत्र्यांना फार आवडलाय.”

टक्का मॅडमने कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

“तळटीप टाकू या,” ते म्हणाले. “‘काही नोंदींबाबत भाषिक संदिग्धता.’ बारीक टाइपात.”

“सर,” टक्का मॅडम म्हणाली, “तळटीप टाकली तर निष्कर्ष उलटा होतो. एकतीस टक्क्यांचा दीड टक्का झालाय. तिथे आपल्यापेक्षा जास्त माणसं मरतायत.”

संचालकांनी शंकाबाईंकडे पाहिले. ते माणसाच्या बोलण्यामागचा हेतू ओळखण्यात पटाईत होते आणि तसा तो ओळखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“तुमचं कोणी आहे का तिकडे यादीवर? खरं सांगा.”

“तिकडे नाही. इकडे आहे. भाऊ. महारुग्णालयात, बारावा.”

“म्हणजे जुनाच आकडा राहिला तर त्याला...”

“तीन महिने.”

“आणि हा बदलला तर?”

“दीड वर्ष.”

“मग यात तुमचा काय फायदा?”

“काही नाही.”

हे उत्तर त्यांना कोणत्याच खान्यात बसवता येईना. फायदा नसलेला माणूस त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता, आणि अशा माणसाला थांबवायचे कसे हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी चष्मा चढवला आणि सही केली.

नियम झाला. लहान गावांच्या परिसरात मिळालेले यकृत आधी तिथल्या यादीवरच्या माणसाला द्यावे. तीन महिने त्या परिसरात राहणाऱ्या कोणालाही त्या यादीवर नाव घालता यावे. वार्षिक अहवालात याचे श्रेय ‘अद्ययावत विदा-शुद्धीकरण प्रणाली’ला देण्यात आले. प्रणालीला दिलेला स्मृतिचिन्हाचा फलक संचालकांच्या खोलीत लागला. अहवालाची प्रत तपासायला आली तेव्हा शंकाबाईंनी त्या वाक्यासमोर सवयीने ‘शंका’ लिहिले, आणि मग खोडरबराने पुसले.

नवा फॉर्मही निघाला. मोकळी जागा गेली, चार चौकटी आल्या. ‘सुटला’ हा शब्द परिपत्रक काढून बंद करण्यात आला. आठ दिवसांत नोंदकाकांचा फोन.

“बाई, आता त्या बाईसमोर मी दोन नंबरच्या चौकटीत फुली मारू? तिच्या डोळ्यांदेखत?”

शंकाबाईंनी दोन दिवस विचार केला आणि फॉर्मच्या तळाशी एक ओळ वाढवून घेतली: ‘प्रथम नातेवाइकाची स्वाक्षरी घ्यावी, त्यानंतर कार्यालयाने खूण करावी.’ हे कशासाठी, असे संचालकांनी विचारले. शाई फिसकटते म्हणून, असे त्यांनी सांगितले. सव्वीस वर्षांतली त्यांची ही पहिली खोटी नोंद. संचालकांना ती अतिशय शास्त्रीय वाटली.

घरी समोरचे दार बंदच राहिले. पेंटर जिन्यात भेटला की बोलायचा. भावजय खाली बघून पुढे जायची. मग एके दिवशी पेंटरच येऊन म्हणाला, “आम्ही निघालो.”

“कुठे?”

“तुझ्या नोंदकाकांच्या गावाला. खोली बघितलीय तिनं. दवाखान्याच्या भिंतीवर तुझा नियम लावलाय ना, तो उभा राहून वाचून आली सगळा. तीन महिने राहायचं, नाव घालायचं. तिथे यादीवर सहाच माणसं आहेत.”

शंकाबाईंनी दाराची कडी उगाच चाचपली.

“नियमात बसतं ना?”

“बसतं.”

“मग तोंड का पाडतेस?”

ती सहा माणसे त्यांना पाठ होती. वय, रक्तगट, वजन, किती दिवसांपासून. मागच्याच आठवड्यात त्यांनी ते फॉर्म तपासले होते. त्यातली एक तेवीस वर्षांची मुलगी होती. एक दोन मुलांचा बाप होता आणि त्याचे वजन दर फॉर्मात कमी होत होते. ज्यांच्या वाट्याचे त्यांच्याकडेच राहावे म्हणून त्यांनी भावाची रांग लांबवली होती, त्यांच्याच रांगेत आता भाऊ उभा राहणार होता. नियम त्यांचा, वाट भावजयीने शोधलेली, आणि दोन्ही अगदी सरळ.

“पाडत नाहीये,” त्या म्हणाल्या. “ऊबदार कपडे घ्या. तिकडे थंडी असते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी अर्ज केला की त्या रुग्णालयाचे फॉर्म यापुढे आपल्याकडे देऊ नयेत. अठरा वर्षांचा गठ्ठा उचलून टक्का मॅडमच्या टेबलावर ठेवला. मुलीने कारण विचारले नाही. दर महिन्याला तिकडचे पाकीट यायचे आणि शंकाबाईंच्या टेबलावरून पुढे जायचे. देशातल्या बाकी प्रत्येक माणसाचे पुढे काय झाले हे त्यांना कळत होते. हे एवढे सोडून.

तीन महिने संपले त्या आठवड्यातल्या सुटीच्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. भावजय होती. जिन्यातल्या त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

“वन्सं, फॉर्म भरतोय. पत्ता कुठला लिहायचा? तिथला की इथला?”

नातेवाइकाच्या प्रकरणात सल्ला देऊ नये, असे सही केलेल्या कागदावर चौथ्या कलमात होते.

“नोंदकाकांना विचारा,” शंकाबाई म्हणाल्या.

“विचारलं. ते म्हणतात, अशी शंका आली की मी अठरा वर्षं तुमच्या नणंदेलाच विचारतो.”

मागे पेंटर कोणालातरी काहीतरी सांगत होता आणि कोणीतरी हसत होते. आवाज बारीक होता, पण त्याचाच होता.

“राहता कुठे सध्या?”

“इथेच की.”

“मग तोच लिहा.”

पेनाची खरखर ऐकू आली. भावजयीला लिहायला वेळ लागायचा, शंकाबाई थांबल्या.

“लिहिलं,” ती म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “खाली अजून पाच रकाने आहेत.”

शंकाबाईंनी पायाने खुर्ची ओढून फोनजवळ घेतली आणि बसल्या.

“वाचा,” त्या म्हणाल्या.